टोट बॅटरी: डोव्हरवर रोखलेल्या चार तोफा आणि ज्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात तो इंजिनियर

दर्यावर्दी

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर काप ग्री-ने नावाचं भूशिर आहे. फ्रान्सचा हा तुकडा इंग्लंडला सगळ्यात जवळचा, मध्ये पाणी जेमतेम ३४ किलोमीटर. हवा स्वच्छ असली की डोव्हरचे पांढरे कडे इथून साध्या डोळ्यांनी दिसतात. या भूशिराच्या दक्षिणेला ओडिंगेन गावाच्या हद्दीत, शेतं आणि झाडीमध्ये, काँक्रीटचे चार अजस्र ठोकळे उभे आहेत. तीच टोट बॅटरी (बॅटरी म्हणजे एका ठाण्यावर बसवलेला तोफांचा संच). अटलांटिक वॉलवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर उभारलेल्या तटबंदीवर, बरंच लिहिलं जातं, पण मराठीत या बॅटरीबद्दल आणि तिच्या नावामागच्या माणसाबद्दल सलग काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. १६ जुलैला हिटलरने इंग्लंडवर उतरण्याच्या तयारीचा आदेश काढला, तोच 'सी लायन' मोहिमेचा आदेश क्रमांक १६. त्यात एक कलम किनाऱ्यावरच्या तोफांचं होतं. सैन्य घेऊन जाणारी जहाजं ज्या पट्ट्यातून जाणार, तो पट्टा दोन्ही बाजूंनी तोफांच्या माऱ्याखाली हवा, ब्रिटिश नौदलाला आत शिरताच येऊ नये. त्यासाठी बुलोन ते कॅले एवढ्या किनाऱ्यावर एकामागून एक जड बॅटऱ्या उभ्या राहू लागल्या. फ्रांझेल इथे 'ग्रोसर कुरफ्यूर्स्ट' (२८ सेंटिमीटरच्या चार), बुलोनच्या उत्तरेला 'फ्रिडरिश ऑगस्ट' (३०.५ च्या तीन), सांगातला 'लिंडेमान' (४०.६ च्या तीन), आणि ओडिंगेनला ३८ सेंटिमीटरच्या चार तोफांची 'सिगफ्रीड'. ही सिगफ्रीडच पुढे टोट झाली.

या तोफा क्रुपच्या, मुळात युद्धनौकांसाठी घडवलेल्या. बिस्मार्क आणि टिर्पिट्झ या जहाजांवर याच जातीच्या ३८ सेंटिमीटरच्या तोफा होत्या. नळी जवळपास २० मीटर लांब. किनाऱ्यावरच्या आवृत्तीत दारूची कोठी मोठी केली, त्यामुळे पल्ला वाढला. ८०० किलोचा गोळा सुमारे ४२ किलोमीटर जायचा. या तोफेसाठी ४९५ किलोचा हलका गोळा मुद्दाम बनवला होता, तो ५५ किलोमीटरच्याही पुढे जाई. म्हणजे डोव्हरच काय, त्यामागचा केंटचा मोठा भाग टप्प्यात.

आधी तोफा बसवल्या आणि मग त्यांच्याभोवती काँक्रीटचं कवच चढवलं. भिंती आणि छत साडेतीन मीटर जाड. एकेका ठोकळ्याची उंची २० मीटरच्या घरात, त्यातला बराच भाग जमिनीखाली. खाली दारूगोळ्याच्या खोल्या, यंत्रं, तोफचींच्या राहण्याच्या जागा. वर गोल खड्ड्यात फिरणारी तोफ आणि समुद्राच्या बाजूला रुंद तोंड.

मात्र हे सगळं पुरं होईपर्यंत ज्या कामासाठी बांधलं ते कामच उरलं नव्हतं. 'सी लायन' सप्टेंबर १९४० मध्येच बेमुदत पुढे ढकलली गेली. बॅटरी पूर्ण तयार झाली ती १९४२ च्या सुरुवातीला, तेव्हा जर्मन सैन्य मॉस्कोपुढच्या बर्फात रुतलेलं होतं. इंग्लंडवर चढाई करायला बांधलेली बॅटरी आता इंग्लंडकडून येणारी चढाई थोपवायला बसली.

आता नावाकडे येतो.

फ्रिट्झ टोटचा जन्म ४ सप्टेंबर १८९१ चा, गाव फोर्झहाइम. कार्ल्सरूअ आणि म्युनिकला स्थापत्य अभियांत्रिकी शिकला. पहिल्या महायुद्धात आधी पायदळात, मग विमानातून टेहळणी करणारा. युद्धानंतर म्युनिकच्या एका मोठ्या बांधकाम कंपनीत रस्त्यांच्या कामावर लागला. डॉक्टरेटही रस्त्यांवरचीच, डांबरी थरांमध्ये कुठे आणि का दोष राहतात यावर. नाझी पक्षाचा सभासद मात्र १९२२ पासून, म्हणजे हिटलरला बव्हेरियाबाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासून.

५ जुलै १९३३ ला हिटलरने त्याला जर्मन रस्त्यांचा मुख्य निरीक्षक नेमलं. ऑटोबान, म्हणजे जर्मनीचे द्रुतगती महामार्ग, त्याच्या हाती आले. १९३८ मध्ये फ्रान्सच्या सरहद्दीवर वेस्टवॉल हजारो बंकरांसह झटपट उभी करायची होती. लष्कराच्या इंजिनियरांची गती हिटलरला पसंत पडेना, तेव्हा ते कामही टोटकडे आलं. त्याने खासगी बांधकाम कंपन्या, सरकारी खाती आणि सक्तीने कामाला लावलेले कामगार एका छत्राखाली आणले. त्या यंत्रणेचं नाव 'टोट संघटना'. मार्च १९४० मध्ये तो शस्त्रास्त्र मंत्री झाला. रस्ते, किल्लेबंदी आणि दारूगोळा, तिन्ही एका माणसाच्या टेबलावर.

८ फेब्रुवारी १९४२ च्या सकाळी पूर्व प्रशियात रास्टेनबुर्गच्या धावपट्टीवरून त्याचं हाइंकेल १११ विमान उडालं आणि लगेच कोसळलं. सगळे ठार. कारण कधीच निर्विवाद ठरलं नाही. त्याच विमानाने हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर जाणार होता, पण पहाटे त्याने बेत रद्द केला, आणि त्याच दिवशी टोटची सगळी पदं त्याला मिळाली. घातपाताच्या कथा त्यामुळेच आजवर चालत आल्या आहेत. माझ्या मते त्यांना पुराव्याचं बळ नाही.

सिगफ्रीड बॅटरीला टोटचं नाव दिलं गेलं ते या मृत्यूनंतर. आणि १२ फेब्रुवारीला, ज्या दिवशी बर्लिनमध्ये सरकारी इतमामाने त्याचा अंत्यविधी चालू होता, त्याच दिवशी शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाऊ आणि प्रिन्झ ऑयगेन ही तीन जर्मन जहाजं भरदिवसा याच सामुद्रधुनीतून निसटून गेली. डोव्हरजवळच्या साउथ फोरलँडच्या ब्रिटिश तोफांनी रडारच्या आधाराने ३३ गोळे डागले, एकही लागला नाही. किनाऱ्यावरून हलत्या जहाजावर नेम धरणं दोन्ही बाजूंना किती जड होतं, ते यातून कळतं.

टोट बॅटरीचीही तीच गत. जहाजं तिच्या तोफांनी फार थोडी बुडवली. पण डोव्हर हे गाव हलत नव्हतं. पुढची अडीच वर्षं त्या गावाने काय सोसलं, याची माहिती कोणाकडे असेल तर प्रतिसादात जरूर लिहा.

शेवट २९ सप्टेंबर १९४४ ला आला. नॉर्मंडीत उतरलेली कॅनेडियन फौज किनाऱ्याने वर सरकत आली होती. कॅले आणि ग्री-ने घेण्याची ही 'अंडरगो' मोहीम. आधी जड बॉम्बफेक, मग सुरुंग साफ करणारे आणि आग ओकणारे रणगाडे घेऊन ९ वी कॅनेडियन ब्रिगेड जमिनीच्या बाजूने पुढे आली. नॉर्थ नोव्हा स्कोशिया हायलँडर्सनी टोट बॅटरी घेतली, शेजारच्या बॅटऱ्या हायलँड लाइट इन्फन्ट्रीने. त्या दिवशी ग्री-नेवर सुमारे १६०० जर्मन कैद झाले, कॅनेडियन बाजूचे मृत आणि जखमी मिळून ४२. जिचा गोळा पन्नास किलोमीटर जायचा ती बॅटरी दुपारपर्यंत हातची गेली. तिची सगळी रचना समुद्राकडे बघणारी होती आणि शत्रू आला पाठीमागच्या शेतांतून.

पाऊलवाट

वा, सविस्तर आणि नेमकं. वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न: लिंडेमान हे नाव कोणाचं? तोही इंजिनियरच का?

दर्यावर्दी

नाही. एर्न्स्ट लिंडेमान हा बिस्मार्कचा कप्तान, मे १९४१ मध्ये जहाजाबरोबर गेला. या किनाऱ्यावरच्या बहुतेक मोठ्या बॅटऱ्यांना राजांची नाहीतर नौदलातल्यांची नावं आहेत. इंजिनियराचं नाव मिळालेली टोट ही त्यांतली वेगळीच. राजवटीला बांधकामाचं केवढं महत्त्व वाटत होतं ते त्यातून दिसतं.

स्ट्रक्चरवाला

माझं आयुष्य आरसीसीत गेलं, त्यामुळे थोडं त्या अंगाने लिहितो.

साडेतीन मीटर जाडीचं काँक्रीट हे दिसतं तितकं सोपं प्रकरण नाही. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं. साध्या स्लॅबमध्ये ती निघून जाते, पण एवढ्या जाडीत आतला गाभा तापलेला आणि बाहेरचा थर थंड, की भेगा पडल्याच. शिवाय ओतकाम मध्येच थांबलं तर जुन्या-नव्या थरांमध्ये सांधा राहतो, आणि बॉम्बचा धक्का बसला की काँक्रीट नेमकं तिथेच सुटतं. म्हणून असं कवच दिवसरात्र न थांबता ओतावं लागतं. त्यासाठी खडी, वाळू, सिमेंट, सळई, मिक्सर, पाणी, माणसं, सगळ्याची साखळी अखंड चालली पाहिजे. माझ्या मते खरी करामत डिझाइनपेक्षा या साखळीत आहे.

त्या किनाऱ्यावरच्या बंकरांच्या भिंतींवर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात. लाकडाचे रेषे, दोन फळ्यांमधल्या फटीतून आलेली काँक्रीटची बारीक धार, कुठे कुठे गाठींच्या खुणा. ऐंशी वर्षं खारा वारा खाऊनही हे टिकलंय. आपल्याकडे किनाऱ्यावर वीस वर्षांत सळई गंजून कव्हर फुगतं आणि सुटतं. त्या जाडीत सळई बरीच आत असल्याने तिला खारट ओल पोचायला वेळ लागतो.

आता थोडं मतभेदाचं. टोटबद्दल लिहिताना तुमचा सूर जरा कडक वाटला. तो स्थापत्यवाला होता. रस्ते केले, पूल केले, बंकर केले. युद्ध सुरू करायचा निर्णय त्याचा नव्हता. उलट १९४१ च्या अखेरीस त्याने हिटलरला तोंडावर सांगितलं म्हणतात की हे युद्ध आता जिंकता येणार नाही. हे सांगायला धाडस लागतं. इंजिनियराचं काम आणि राजकारण वेगळं ठेवून बघू नये का?

दर्यावर्दी

काँक्रीटबद्दलचा परिच्छेद फार आवडला, धाग्यात हीच उणीव होती. मतभेदावर मात्र सविस्तर लिहितो, कारण मला या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आधी त्याच्या बाजूचं. नोव्हेंबर १९४१ च्या शेवटी, रणगाडे उत्पादनातल्या तज्ज्ञांबरोबर पूर्व आघाडीची स्थिती बघून आल्यावर, त्याने हिटलरला सांगितलं की हे युद्ध लष्करी बळावर आता जिंकता यायचं नाही, राजकीय तोडगा काढावा. बैठकीला असलेल्या उद्योगवाल्यानेच हे पुढे लिहून ठेवलंय. त्याला आकडे वाचता येत होते आणि खोटं बोलायची सवय नव्हती, हे मान्य. रस्त्यांच्या कामातही डोळा होता. पूल कसे दिसावेत यासाठी पाउल बोनात्झसारखा वास्तुविशारद घेतला, रस्ता डोंगराच्या वळणाने न्यावा यासाठी निसर्गरचनाकारांची वेगळी तुकडी ठेवली. ऑटोबान ही हिटलरची कल्पना म्हणून सांगितली जाते ते मात्र खरं नाही. कोलोन-बॉन रस्ता ऑगस्ट १९३२ मध्येच वाहतुकीला खुला झाला होता, आणि तो खुला करणारा कोलोनचा महापौर होता कोनराड आडेनाउअर, जो पुढे पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर झाला. फ्रँकफुर्टच्या रस्त्याचे आराखडेही नाझींच्या आधीचे.

आता दुसरी बाजू. टोटला कोणी ओढून कामाला लावलं नव्हतं. १९२२ चा पक्षसभासद. सत्ता येण्याआधीच, डिसेंबर १९३२ मध्ये, रस्तेबांधणीचा प्रस्ताव लिहून त्याने पक्षाच्या नेतृत्वाकडे पोचवला होता. राजवटीतली त्याची जागा त्याने स्वतः मागून घेतली. आणि तुम्ही ज्या अखंड साखळीचं वर्णन केलंत, त्या साखळीतली माणसं कुठून यायची?

१९३८ मध्ये वेस्टवॉलवर जर्मन कामगार होते, त्यांतलेही अनेक सक्तीच्या सेवेच्या कायद्याने आणलेले. १९४० नंतर फ्रान्समध्ये जर्मन कंपन्या, त्यांचे कामगार आणि मजुरीसाठी आलेले स्थानिक लोक. मग मजूर पुरेनात. १९४२ च्या जून ते सप्टेंबरमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प, ब्रसेल्स, लिएज, शार्लरवा या शहरांतून दोन हजारांहून जास्त ज्यू पुरुष पकडून उत्तर फ्रान्समध्ये टोट संघटनेच्या छावण्यांत आणले. त्यांतली एक मोठी छावणी दान-कामिए, बुलोनच्या दक्षिणेला, म्हणजे या बॅटरीपासून फार लांब नाही. त्यांच्याकडून अटलांटिक वॉलची कामं करून घेतली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बहुतेकांना मेखेलेनमार्गे आउशवित्झला पाठवलं. फेब्रुवारी १९४३ पासून फ्रेंच तरुणांसाठी सक्तीच्या मजुरीचा कायदा आला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्यापासून पळालेले स्पॅनिश प्रजासत्ताकवादी, सोव्हिएत युद्धकैदी, पोलिश लोक, सगळे याच संघटनेच्या हजेरीपटावर. युद्धाच्या शेवटाकडे संघटनेखाली दहा लाखांहून जास्त माणसं राबत होती आणि त्यांत जर्मन अल्पसंख्य होते.

यावर कोणी म्हणेल, यातलं बरंच टोटच्या मृत्यूनंतरचं आहे. तारखा बघितल्या तर बरोबर. अटलांटिक वॉलचा मूळ आदेश क्रमांक ४० सुद्धा २३ मार्च १९४२ चा, तो गेल्यावर सहा आठवड्यांनी आलेला. पण माणसं कुठूनही आणा, कशीही आणा, मुदत गाठा, ही घडी त्याने बसवली. पोलंड आणि रशियातल्या रस्त्यांवर कैदी आणि ज्यू मजूर १९४१ मध्ये, तो मंत्री असतानाच राबत होते. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात श्पेअरला २० वर्षांची शिक्षा झाली ती मुख्यतः सक्तीच्या मजुरीसाठी. ज्या खुर्चीवर बसून त्याने ते केलं, ती टोटची होती. टोट जगला असता तर त्याच पिंजऱ्यात उभा राहिला असता असं मला ठामपणे वाटतं.

आणि 'युद्ध जिंकता येणार नाही' हे त्याचं सांगणं. ते हिशेबाचं सांगणं होतं, पोलाद आणि माणसं पुरणार नाहीत एवढंच. माणसांचं काय होतंय याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सांगून झाल्यावर तो कामावर परत गेला.

तेव्हा बांधकाम बांधकाम म्हणून जरूर बघू, तुमच्यासारख्या जाणकारांमुळेच ते कळतं. पण हजेरीपट बाजूला ठेवून ती भिंत मला बघता येत नाही.

स्ट्रक्चरवाला

बेल्जियमच्या कैद्यांचं ठाऊक नव्हतं. वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. साइटवर लेबर कुठून येतं आणि कोणत्या अटींवर, हे बघणं इंजिनियराच्याच कामाचा भाग आहे, हे मी इतकी वर्षं ज्युनिअर लोकांना सांगत आलोय. ते इथेही लागू आहे. मुद्दा पटला.

शिंपला

दर्यावर्दी, तुम्ही डोव्हरबद्दल विचारलंत. आम्ही गेली बरीच वर्षं केंटमध्ये राहतो, म्हणून लिहिते.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पहिले गोळे इथे पडले ते १२ ऑगस्ट १९४० ला. तेव्हा टोट बॅटरी तयार नव्हती, इतर तोफा होत्या. शेवटचा गोळा २६ सप्टेंबर १९४४ चा. एवढ्या काळात खुद्द डोव्हर गावात २२२६ गोळे पडल्याची नोंद आहे. युद्धकाळात गावातले २१६ नागरिक मेले. या सगळ्या कोपऱ्याला लोक 'हेलफायर कॉर्नर' म्हणायचे.

विमानं येताना कळायची, भोंगा व्हायचा. तोफगोळा आवाजापेक्षा वेगाने येतो, त्यामुळे पहिला गोळा फुटेपर्यंत काहीच चाहूल नाही. हवा स्वच्छ असली तर पलीकडे तोफेचा लखलखाट दिसायचा आणि मग साधारण एक मिनिट हातात. म्हणून इथे गोळ्यांसाठी वेगळा इशारा ठरवला होता, आणि पहिला गोळा पडला की लोक खडूच्या कड्यांमधल्या गुहांत जाऊन बसायचे. काही कुटुंबं रात्र रात्र तिथेच झोपायची. मला नेहमी वाटतं, लष्करी इतिहासात पल्ला आणि वजन लिहितात, पण दुकान उघडायला निघालेल्या माणसाला तो एक मिनिट कसा जात असेल ते कोणी लिहीत नाही.

डोव्हरच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर एक जाड पोलादी पत्रा उभा करून ठेवलाय. लिंडेमान बॅटरीच्या चिलखताचा तो तुकडा, आठवण म्हणून इकडे आणला. कोणी आलात तर चुकवू नका.

दर्यावर्दी

शिंपला ताई, मनापासून आभार. हा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यात भर म्हणून: ब्रिटिशांनीही उलट मारा केला. सेंट मार्गारेट्सजवळ १४ इंची 'विनी' आणि 'पू', नंतर वॅनस्टोनला १५ इंची 'क्लेम' आणि 'जेन'. आणि इकडच्या फ्रेंच गावांचंही विसरू नये. ओडिंगेन गाव बॅटरीच्या शेजारी असल्यामुळे दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत अक्षरशः सपाट झालं. आज दिसतं ते युद्धानंतर नव्याने बांधलेलं गाव, चर्चसुद्धा नवंच.

जुना पुणेकर

एक बाळबोध शंका. पृथ्वी गोल आहे. ३४ किलोमीटरवरचं जहाज किनाऱ्यावरून दिसायचं कसं? न दिसणाऱ्या लक्ष्यावर नेम कसा धरत?

दर्यावर्दी

शंका अजिबात बाळबोध नाही, सगळं तोफशास्त्र याच प्रश्नाभोवती आहे.

ग्री-नेचा कडा सुमारे ४५ मीटर उंच. तिथे उभं राहिलं तर क्षितिज साधारण २४ किलोमीटरवर येतं. (उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणलं की क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं.) त्यापलीकडच्या जहाजाचा तळ क्षितिजाखाली जातो, डोलकाठी आणि धुराडं दिसत राहतं. डोव्हरचे कडे शंभर मीटरपर्यंत उंच, म्हणून तळाचा थोडा भाग सोडला तर ते दिसतात. त्यामुळे निरीक्षणाची ठाणी कड्यावर आणि तोफा मागे, हीच पद्धत. दोन-तीन वेगवेगळ्या ठाण्यांवरून एकाच लक्ष्याचे कोन मोजायचे आणि ते फोनने नियंत्रण केंद्राला कळवायचे. तिथे लक्ष्याचं अंतर आणि वेग काढून, गोळा पोचेपर्यंत जहाज कुठे असेल त्याचा हिशेब करायचा. वारा, हवेची घनता, दारूचं तापमान, नळी किती झिजलीय, सगळं त्यात धरायचं. नंतर रडार आल्यावर रात्री आणि धुक्यातही अंतर मिळू लागलं.

तरी एक अडचण उरतेच. गोळा हवेत मिनिटभर असतो. तेवढ्यात १५ नॉटने चाललेलं जहाज साडेचारशे मीटर सरकतं. कप्तानाने लखलखाट बघून सुकाणू जरा वळवलं की सगळा हिशेब वाया. दोन्ही बाजूंच्या एवढ्या गोळ्यांमधून ब्रिटिश मालवाहू ताफे वर्षानुवर्षं ये-जा करत राहिले ते यामुळेच.

निळाई

ग्री-ने हे नाव वाचून मला भलतंच काही आठवलं. पोहणाऱ्यांसाठी हे भूशिर म्हणजे पंढरी. इंग्लिश खाडी पोहून जाणारे याच टोकाच्या आसपास लागायची आस धरून असतात, कारण अंतर इथेच कमी. ते चुकलं की ओहोटी-भरतीचा ओढा कुठल्या कुठे नेतो.

आरती साहा ही खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री. ती उलट दिशेने, ग्री-नेवरून निघून इंग्लंडच्या सँडगेटला लागली, १६ तास २० मिनिटांत. तारीख २९ सप्टेंबर १९५९. तुम्ही बॅटरी पडल्याची तारीख दिलीत तीच, बरोबर पंधरा वर्षांनी! आपल्या पुण्याचा रोहन मोरेही ही खाडी पोहलाय, आणि २०१८ मध्ये जगातल्या सातही अवघड खाड्या पुऱ्या करणारा पहिला भारतीय ठरला.

दर्यावर्दी

तारखेचा हा योग माझ्या लक्षातच आला नव्हता. फार सुंदर भर घातलीत.

गडवाट

आपले लोक या अटलांटिक वॉलच्या भानगडीत कुठे होते का? नेताजींच्या जर्मनीतल्या सैन्याबद्दल ऐकलंय, ते याच किनाऱ्यावर होतं का?

दर्यावर्दी

होते, पण ग्री-नेवर नाही. उत्तर आफ्रिकेत जर्मन-इटालियन फौजांच्या हाती लागलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून नेताजींच्या पुढाकाराने जर्मनीत 'आझाद हिंद' लीजन उभी राहिली, जर्मन दप्तरी ९५० वी रेजिमेंट. १९४३ मध्ये नेताजी पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले आणि ही रेजिमेंट मागे राहिली. तिला आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर नेमलं, मग त्याच वर्षी फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या लाकानोला. तिथे ही माणसं अटलांटिक वॉलवर पहाऱ्याला होती. १९४४ मध्ये जर्मन सेनापती रोमेलने त्यांची पाहणी केली, तेव्हाचे फोटो उपलब्ध आहेत, बंकरांच्या पार्श्वभूमीवर फेटे बांधलेले शिपाई. देश स्वतंत्र करायला म्हणून शपथ घेतलेली ही माणसं शेवटी दुसऱ्याच कोणाच्या किनाऱ्यावर वाळूत पहारा देत बसली. त्यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. गडवाट, तुम्ही काढलात तर मी नक्की भर घालीन.

पाऊलवाट

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात लंडन-पॅरिस करतोय. मध्ये एक दिवस काढून हे बघणं जमेल का? काय काय बघावं?

दर्यावर्दी

जरूर जमेल. डोव्हरहून फेरीने कॅले, तिथून गाडी घेतली तर किनाऱ्याच्या रस्त्याने ओडिंगेन तासाभराच्या आत. चारपैकी एका ठोकळ्यात अटलांटिक वॉलचं संग्रहालय आहे. बाहेर अंगणात २८ सेंटिमीटरची के-५ रेल्वे तोफ उभी आहे. अशा जगात दोनच उरल्यात, दुसरी अमेरिकेत. बॅटरीच्या मूळ ३८ सेंटिमीटरच्या तोफा मात्र आता नाहीत, मधला गोल खड्डा रिकामा आहे. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून तोंडाच्या रुंदीचा अंदाज घ्या. स्ट्रक्चरवाला म्हणतात ते फळ्यांचे ठसेही बघा.

उरलेले तीन ठोकळे आजूबाजूच्या झाडीत आणि शेतांत आहेत. आत पाणी, उघड्या सळया आणि खोल भोकं असतात, मुलं बरोबर असतील तर बाहेरूनच बघा. मग ग्री-नेच्या टोकावर चालत जा. दक्षिणेला थोड्या अंतरावर आँबलत्यूजला पाण्याच्या कडेला एक दगडी किल्ला आहे, चौदाव्या लुईच्या व्होबान या इंजिनियराने सतराव्या शतकात बांधलेला. वेळ असेल तर तोही बघा, भरतीच्या वेळी गेलात तर जास्त छान.

लिंडेमान बघायला सांगातला जाऊ नका. चॅनल टनेल खोदताना निघालेला गाळ आणि खडू तिथेच टाकला, बॅटरी त्याखाली गाडली गेली.

शिंपला

आणि कॅलेची फेरी शक्यतो सकाळची घ्या पाऊलवाट, दुपारनंतर खाडीवर धुकं धरलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. डोव्हरला थांबणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तो पोलादी पत्रा नेमका कुठे आहे ते सांगते.